चाकांवरच्या घरासाठी लॅपटॉप आणि नकाशा: कोकण किनाऱ्याचा हिशेब

माझा पहिला लॅपटॉप कोकणात अकरा महिने टिकला. पडला नाही, भिजला नाही, चोरीलाही गेला नाही. कळकला. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसा. वेळणेश्वरला गाडी लावून महिनाभर काम करत होतो. एक दिवस चार्जर लावला तर दिवा लागेना. रत्नागिरीत दुरुस्तीवाल्याने भिंग लावून चार्जिंगचं भोक दाखवलं. आत हिरवट पापुद्रा. "खाडीकाठी राहता का?" एवढंच विचारलं त्याने.

आम्ही दोघं आता चौथ्या वर्षी व्हॅनमध्ये राहतोय. मी हिशेबाची आणि भाषांतराची कामं करतो, बायको ऑनलाइन शिकवण्या घेते. बरेच जण विचारतात, 'कुठला लॅपटॉप घेऊ?' कोकणात हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी लॅपटॉप ठेवणार कुठे, मग त्याला वीज कुठून देणार, आणि मग कुठला घेणार. त्याच क्रमाने सांगतो. नकाशाचा भाग लांबला आहे, कारण लॅपटॉपने माझे पैसे घालवले, पण नकाशाने एकदा घामच काढला.

आधी डबा घ्या

झाकणाला रबराची कड असलेला, कड्या लावून घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या. लॅपटॉप, चार्जर, हार्डडिस्क, जास्तीचा फोन एवढं आडवं मावलं पाहिजे. लॅपटॉप घेण्याआधी डबा घ्या असं मी मुद्दाम म्हणतो. चौदा इंची लॅपटॉपला डबा सहज मिळतो. पंधरा-सोळा इंचीला मिळाला तरी तो व्हॅनच्या कपाटात जात नाही.

डब्यात पाव किलो सिलिका जेलचे दाणे कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या. ओल शोषली की त्यांचा रंग बदलतो. मग एखाद्या जुन्या पत्र्याच्या ताटलीत मंद आचेवर ते परतायचे, मूळ रंग आला की पुन्हा डब्यात. स्वयंपाकाचा तवा मात्र यासाठी वापरू नका. डब्यात हवेतली आर्द्रता दाखवणारं काड्यापेटीएवढं यंत्र ठेवा. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की निर्धास्त. जुलैत गाडीत तोच आकडा नव्वदीला टेकलेला असतो. तांदळात ठेवायचा सल्ला खूप जण देतात. त्याने ओल फारशी जात नाही, फक्त पंख्यात कणी जाते.

दोन सवयी लावून घ्या. काम संपल्याबरोबर गरम लॅपटॉप डब्यात कोंबू नका, थंड होऊ द्या. आणि पावसाळ्यात काम नसलं तरी रोज अर्धा तास तो चालू करा. चालू यंत्राची ऊब आतली ओल हाकलते. आठवडाभर बंद पडलेल्या यंत्राला बुरशी पहिली धरते.

मग विजेचा हिशेब

गाडीतल्या संसारात लॅपटॉपची किंमत रुपयांपेक्षा वॅटमध्ये मोजलेली बरी. टाइप-सी तारेच्या मध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो. तो लावून माझा लॅपटॉप मी दिवसभर पाहिला. टायपिंग आणि ब्राउझरला १२ ते १८ वॅट, व्हिडिओ कॉलला पंचविसापर्यंत. खेळांसाठी बनवलेला एका मित्राचा लॅपटॉप तेच काम करताना चाळिसाच्या खाली उतरायलाच तयार नव्हता.

आमचा दिवसाचा खर्च असा बसतो. लॅपटॉप सरासरी १८ वॅटने सात तास, वाया जाणारी वीज धरून १४० वॅटतास. बारा व्होल्टचा पंखा रात्रभर, १६०. राउटर ६०, दोन फोन ४०, दिवे ३०. एकूण चारशे-साडेचारशे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअरतासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॅटतासांची असते. तिचे हजार वापरायला हरकत नाही, म्हणजे ऊन नसलं तरी दोन दिवस निघतात. घरच्या इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर म्हातारी होते, आणि वजनाला तर विचारू नका. छपरावर १०० वॅटचं पॅनेल असेल तर जानेवारीत मालवणला दिवसाला चारशेच्या आसपास वॅटतास मिळतात. आषाढात त्याच्या भरवशावर राहू नका. तेव्हा गाडी चालताना इंजिनावरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर कामाला येतो. फ्रिज घेतलात तर हा सगळा हिशेब दुप्पट धरा.

आता मुख्य मुद्दा. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करायचे आणि चार्जरने पुन्हा २० व्होल्टवर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. त्यात दर खेपेला वीज गळते आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी खातोच. गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारा ६५ वॅटचा टाइप-सी पीडी (म्हणजे लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारा) चार्जर थेट लॅपटॉपला लावा. म्हणून टाइप-सीवर चार्ज न होणारा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

लॅपटॉप: नवा स्वस्त की जुना चांगला

माझं मत स्पष्ट आहे: जुना चांगला. कंपन्यांमधून भाडेकरार संपून बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या धाटणीचे लॅपटॉप पुण्या-मुंबईच्या बाजारात ढिगाने असतात. माझा दुसरा लॅपटॉप असाच, २४ हजारांचा. त्याच पैशांत नव्या लॅपटॉपला लेचीपेची बिजागरी, मिणमिणता पडदा आणि बोर्डाला कायमची चिकटवलेली मेमरी मिळते. जुन्याचा तळ आठ स्क्रू काढून उघडता येतो. मेमरी, डिस्क, बॅटरी, पंखा सगळं बदलता येतं. कणकवलीत किंवा चिपळूणमध्ये दुरुस्तीला टाकायची वेळ आली की याची किंमत कळते.

पण एक मर्यादा ठेवा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना कोणी दहा हजारांत गळ्यात मारू लागला तर लिनक्स मिंट वापरायची तयारी असेल तरच घ्या. ते फुकट आहे, हलकं आहे आणि लिहिणं, मेल, ब्राउझर एवढ्याला पुरून उरतं. मात्र तुमच्या कामाची सॉफ्टवेअरं त्यावर चालतात का ते आधी घरी तपासा. माझं हिशेबाचं चाललं नाही.

मेमरी किमान ८ जीबी आणि वाढवायला जागा. जमलं तर १६ च घ्या. डिस्क एसएसडीच हवी. फिरत्या तबकडीची डिस्क कोकणातल्या रस्त्यांवर नेणं म्हणजे अंड्यांची टोपली एसटीच्या मागच्या सीटवर ठेवणं. पडदा बिनचकाकीचा, ३०० निट्स किंवा जास्त उजेडाचा. स्वस्त पडद्याला २५० किंवा त्याहून कमी असतो, आणि दुपारी समुद्राकडे तोंड करून बसलात तर त्यात स्वतःचा चेहरा तेवढा दिसतो.

दुकानात जाताना स्वतःचा टाइप-सी चार्जर न्या आणि तिथेच लावून बघा. मग कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी असते. मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला, जुन्या कंपनीचं कुलूप नाही ना, हे पाहा. आणि लॅपटॉप उलटा करून स्क्रू निरखा. त्यांच्या खाचेत तांबूस गंज दिसला तर तो आधीच कुठल्यातरी समुद्रकाठी राहून आलाय. हसून परत द्या.

घेतल्यावर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग लावा, कारण उन्हात उभ्या गाडीत भरगच्च भरलेली बॅटरी लवकर खराब होते. महिन्यातून एकदा, बंद करून, सगळ्या भोकांतून मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. ही पाच मिनिटं मी पहिल्या लॅपटॉपला दिली असती तर हा लेख दोन परिच्छेदांनी आटोपला असता.

रस्ता दाखवायला लॅपटॉप नको

काही जण लॅपटॉपला यूएसबीचा जीपीएस जोडून डॅशबोर्डजवळ नकाशा लावायच्या विचारात असतात. जोडता येतो, चालतोही. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये स्वतःचं जीपीएस नसतं, पडदा उन्हात दिसत नाही आणि करूळ घाटाच्या वळणावर दीड किलोची वस्तू मांडीवर आली की काय होतं ते सांगायला नको. दिवसा फोन, रात्री लॅपटॉप, अशी वाटणी करा.

फोन दोन लागतात. त्यातला एक जुना, फक्त रस्त्यासाठी. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रहाचा संदेश फोन थेट घेतो, इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. म्हणजे नकाशा आधीच फोनमध्ये असला की सिमकार्डाविनाही रस्ता दिसतो. शक्य असेल तर एल-वन आणि एल-फाइव्ह अशा दोन्ही लहरी पकडणारा फोन घ्या. घाटातल्या कातळावरून परावर्तन होऊन येणारे संदेश त्याला जास्त चांगले निवडता येतात, ठिपका शेजारच्या दरीत उडी मारत नाही. कशेडीच्या बोगद्यात मात्र कुठलाच उपग्रह पोहोचत नाही. तिथे फोन अंदाजाने चालतो, गोंधळू नका. फोन एसीच्या झोताजवळ लावा, काचेखाली उन्हात ठेवला तर चार्जिंग चालू असताना तापून बंद पडतो. चालवताना हातात धरायचा नाही. २०२० च्या नियमबदलानंतर रस्ता पाहण्यापुरता फोन चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

नकाशे तीन ठेवा. गूगलचा ऑफलाइन भाग उतरवलेला. त्याची मुदत संपते, म्हणून चांगलं नेटवर्क मिळेल तेव्हा ताजा करत राहा. दुसरा ऑरगॅनिक मॅप्स, फुकट आणि हलका, संपूर्ण ऑफलाइन. तिसरा ऑसमअँड. तो थोडा किचकट आहे, पण त्यात गाडीची उंची, रुंदी आणि वजन भरता येतं आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषाही दिसतात. पण नकाशात कोणी रुंदी नोंदवलीच नसेल तर तोही काय करणार.

गडग्यांमधली संध्याकाळ

पहिल्या वर्षी केळशीला समुद्राकडे जायचं म्हणून एका ॲपच्या बाईचं ऐकत गेलो. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा.' वळलो. दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, वरून सुपारीच्या झावळ्या, पुढे रस्ता निमुळता होत गेलेला. आमची गाडी आरशांसकट सव्वादोन मीटर रुंद, पॅनेल धरून पावणेतीन मीटर उंच. आरसे दुमडले, तरी दोन्हीकडे वीतभर जागा. एक आजोबा बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, बाहेर आले, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मागं घ्या, मागं. हितना बैलगाडीपण वळायची नाय." मग स्वतःच मागे उभे राहून हाताने खुणा करत राहिले. दीडशे मीटर उलटं यायला पाऊण तास लागला. चहाही त्यांच्याकडेच झाला. निघताना त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याही ॲपपेक्षा जास्त मानतो: "एस्टी येते का तेवडं इचारा."

एसटीची बस आपल्या व्हॅनहून रुंद, लांब आणि उंच. ती जिथे रोज जाते तिथे रस्ता, वळण, फांद्या, विजेच्या तारा, गावची कमान सगळं तिच्या मापाने झालेलं असतं. गावात मुक्कामाची एसटी येत असेल तर रात्री ती उभी राहायला जागाही असतेच. म्हणून आमचा नियम: एसटीचा रस्ता हा आमचा रस्ता. त्यापलीकडे पायी.

रात्रीचा अभ्यास

दुसऱ्या दिवशीच्या रस्त्याचा अभ्यास लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर. मी असा करतो.

उपग्रहाच्या चित्रावर शेवटचे पाच किलोमीटर बोट ठेवून पुढे सरकत पाहतो. महामार्गाची काळजी नसते, खोड्या शेवटी असतात. गूगल अर्थमध्ये मोजपट्टी आहे. घराच्या कौलांमधून जाणारा रस्ता तीन मीटरहून कमी भरला की लाल खूण. झाडांखाली रस्ता दिसेनासा झाला तरी लाल खूण. गाडी वळवता येईल अशा जागा, म्हणजे शाळेचं पटांगण, देवळासमोरचा चौक, एसटीचा थांबा, यांना हिरवी खूण. या सगळ्या खुणा जीपीएक्स किंवा केएमएल फाइल करून फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्सला देतो. सकाळी नेटवर्क असो वा नसो.

मुक्कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत वहीत लिहितो. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. बॅटरी, फोन, सगळं गेलं तरी तो आकडा दुसऱ्याच्या फोनवरून कोणालाही वाचून दाखवता येतो.

खाडी आडवी येते तेव्हा

किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना रस्ता खाडीपाशी संपतो आणि पुढे जंगलजेट्टी लागते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडीसकट पलीकडे नेणारी ही सोय चुकली तर फेरा मोठा पडतो. दाभोळहून धोपाव्याला पाण्यावरून काही मिनिटं, तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटर. ॲप हे गृहीत धरून वेळ सांगतं, पण शेवटची फेरी किती वाजता ते त्याला ठाऊक असेलच असं नाही. रात्री अभ्यास करताना एकदा 'फेरी टाळा' चालू करून आणि एकदा बंद करून दोन्ही रस्ते पाहा, दोन्ही फोनमध्ये ठेवा. सागरी महामार्गावरच्या काही खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत, त्यामुळे जुना उतरवलेला नकाशा इथे सगळ्यात आधी खोटा ठरतो.

ओहोटीला जेट्टीचा उतार तीव्र होतो. लांब शेपटाची व्हॅन चढताना मागचा भाग घासतो. भरतीची ढोबळ वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून हे नियोजनापुरतं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी नेण्यासाठी हा हिशेब वापरू नका. पुळणीवर गाडी न्यायचीच नाही. चाक रुतल्यावर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ट्रॅक्टरची वाट बघत थांबत नाही.

इंटरनेट थोडक्यात

दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. एक राउटरमध्ये, एक फोनमध्ये. कुठली, हे गावागणिक बदलतं. वाडीतल्या दुकानदाराच्या फोनवर कुठलं सिम आहे ते विचारा, विषय संपला. मोठ्या मीटिंगच्या दिवशी आम्ही खालच्या किनाऱ्यावर थांबत नाही, वर सड्यावर जातो. उघडा माळ आणि टॉवर समोर. फायली आधी लॅपटॉपवर उतरवून काम करायची सवय लावा आणि हार्डडिस्कवर रोज नक्कल ठेवा. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत वीज आणि फोन बरेच दिवस नव्हते.

पावसाळ्यासाठी वेगळी वही

जून ते सप्टेंबर आम्ही रस्ता ठरवताना ॲप शेवटी उघडतो. आधी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा: नारिंगी किंवा लाल असला तर गाडी हलवायची नाही. मग जवळच्या एसटी आगाराची चौकशीची खिडकी. कुठल्या घाटात दरड आली, कुठल्या पुलावर पाणी आहे, हे तिथे कळतं, कारण त्यांची बस तिथेच अडकलेली असते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीचा ११२ वहीच्या पहिल्या पानावर.

मुक्कामाची जागा निवडताना समोच्च रेषा पाहा. नदीकाठचं सपाट मैदान नकाशावर फार मोहक दिसतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणच्या बाजारपेठेत काय केलं ते ज्यांनी पाहिलं ते पावसाळ्यात तसल्या जागी गाडी लावत नाहीत. गणपतीत रस्त्यावर मांडव असतात आणि महामार्ग भरून वाहतो. शिमग्यात पालखी फिरते तेव्हा वाडीतला रस्ता पालखीचा. या तारखांच्या आदल्या दिवशीच जागा धरून गाडी बंद करावी.

सगळं जमवल्यावर लगेच घर सोडू नका. गाडी स्वतःच्या दारात लावा, घरची वीज आणि वायफाय बंद करा, आणि सात दिवस त्याच गाडीत बसून नोकरीचं काम करा. रोज रात्री बॅटरीचा आकडा वहीत लिहा. आमचा तिसऱ्या दिवशी शून्यावर आला होता. बायकोने शोधलं: इन्व्हर्टर रात्रभर चालूच राहत होता.